दर सांगायची भीती: जुन्या समजुती तपासून कमाई वाढवण्याचा क्रम

आयुष्यात भरभराट यावी म्हणून धडपडणारे अनेक जण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. सकाळी आरशासमोर उभं राहून ‘पैसा माझ्याकडे येतो आहे’ असं म्हणतात, आणि दुपारी गिऱ्हाइकाने भाव विचारला की ‘द्या तुम्हाला वाटेल ते’ म्हणून मोकळे होतात. महिनाअखेरीला वहीतला आकडा तोच राहतो आणि ‘आपल्या नशिबातच नाही’ ही समजूत आणखी घट्ट होते.

इथे क्रम चुकलेला असतो. भीती गेली की मग दर वाढवू, मग पैसे मागू, असं माणूस ठरवतो. पण जी गोष्ट आपण टाळतो तिची भीती टिकून राहते, कारण टाळल्यावर लगेच सुटल्यासारखं वाटतं आणि प्रत्यक्षात काय झालं असतं हे कधी कळतच नाही. भीती असतानाच छोटं पाऊल टाकावं लागतं आणि त्याचा निकाल स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा लागतो. मग ती उतरते. मानसोपचारात वापरली जाणारी हीच पद्धत इथे पैशाच्या व्यवहाराला लावली आहे.

सगळं आयुष्य एकदम हाती घेता येत नाही, म्हणून या लेखात एकच जागा धरली आहे: आपल्या कामाचा दर सांगणं आणि ठरलेले पैसे मागणं. उदाहरण दिवाळीच्या फराळाचं आहे. डबे देणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या, घरून डिझाइनचं काम करणाऱ्या कुणालाही हाच क्रम चालेल.

## सुरुवातीची तयारी

एक साधी वही घ्या, मोबाइलमधली नोंद नको. पुढे रकाने आखायचे आहेत, आणि जुनी पानं उलटून पाहणं हा कामाचाच भाग आहे. रोज पंधरा मिनिटांची एक वेळ ठरवा, शक्यतो घरात कुणी हाक मारणार नाही अशी.

पहिल्या पानावर एकच गोष्ट लिहा, उदाहरणार्थ ‘चकलीचा योग्य दर न अडखळता सांगणं’. ‘पैशाबद्दलची भीती घालवणं’ असं लिहू नका. इतक्या मोठ्या गोष्टीची चाचणी घेता येत नाही.

सावधान: हे काम चालू असताना नोकरी सोडणं, कर्ज काढणं, दागिने गहाण टाकणं यातलं काहीही करू नका. ‘भीतीवर मात’ या नावाखाली उडी मारणारे लोक खरा धोका अंगावर घेतात आणि तो उलटला की भीतीच बरोबर होती असं धरून चालतात.

तपासा: पैशाच्या विचाराने रात्र-रात्र झोप लागत नसेल, छाती धडधडून घाम फुटत असेल, जगणं नको वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

## टप्पा १: टाळाटाळ रंगेहाथ पकडा

पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही. फक्त आपण कुठे-कुठे अंग काढून घेतो ते लिहायचं. ‘मला भीती वाटली’ एवढं लिहून भागत नाही. भीतीपोटी तुम्ही काय केलंत ते लिहा. नोंदी साधारण अशा निघतात:

- भाव विचारल्यावर आकडा सांगण्याआधीच ‘तुमच्यासाठी कमी करीन’ म्हटलं.
- स्टेटसला चकलीचा फोटो टाकला, दर टाकला नाही.
- दोन महिन्यांपूर्वीचे पैसे आठवतायत, पण त्या ताई समोर आल्या की विषय काढत नाही.
- एक किलोची ऑर्डर, दिली सव्वा किलो. कुणी मागितली नव्हती.
- मोठी ऑर्डर आली तेव्हा ‘जमणार नाही’ म्हटलं, खरं तर वेळ होता.

सव्वा किलोची नोंद बहुतेकांकडून सुटते, कारण तो आपल्याला मनाचा मोठेपणा वाटतो. कधी तो असतोही. ओळखायचं कसं? आनंदाने दिलेलं नंतर आठवून जीव कष्टी होत नाही. ‘पैसे घेतले ते जास्त वाटू नयेत’ म्हणून वर टाकलेली पाव किलो ही भीतीची पाव किलो आहे.

तपासा: आठवड्याच्या शेवटी किमान पाच नोंदी हव्यात. नसतील तर पुढे जाऊ नका, आणखी एक आठवडा लिहा.

## टप्पा २: समजूत ‘जर–तर’च्या रूपात आणा

आता प्रत्येक नोंदीला विचारायचं: हे केलं नसतं तर काय झालं असतं असं मला वाटत होतं? उत्तर आलं की त्यालाही विचारायचं: मग काय होईल? असं तीन-चार वेळा खाली उतरत जायचं.

‘दर पाचशेच्या वर सांगितला तर त्या घेणार नाहीत.’ मग काय होईल? ‘सोसायटीत बोलतील.’ मग काय होईल? ‘हिला पैशाची हाव सुटलीय असं म्हणतील.’ मग? ‘मी चांगल्या घरातली बाई उरणार नाही.’

शेवटच्या ओळीला हात थबकतो. तीच ओळ हवी होती. इतके दिवस ती चकलीच्या भावाआड लपली होती.

यानंतर समजुतीला चाचणी घेता येईल असं रूप द्या:

- जर मी दर ५२० सांगितला, तर निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं जातील.
- जर मी उधारीची आठवण केली, तर ती व्यक्ती माझ्याशी बोलणं टाकेल.
- जर मी नणंदेकडून पैसे घेतले, तर घरात वाद होईल.

नेहमीची चूक: ‘माझ्यात आत्मविश्वास नाही’ ही समजूत म्हणून लिहिली जाते. तिची चाचणी कशी घेणार? ‘जर’ आणि ‘तर’ दोन्ही येईपर्यंत वाक्य फिरवत राहा.

दुसरी चूक: सगळा राग आईवडिलांवर काढणं. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’, ‘धंदा आपल्या लोकांचं काम नाही’, ‘नोकरी ती नोकरी’ ही वाक्यं घराघरांत ऐकलेली असतात. ती ज्यांनी म्हटली त्यांनी काही पाहिलेलं असतं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, आणि अनेकांची नोकरी कधी परत आली नाही. त्या घरांतली माणसं ‘जोखीम नको’ म्हणाली तर त्यात नवल नाही. तुमच्या समजुतीशेजारी एवढंच लिहा की ती कुणाकडून आली आणि त्यांच्यासाठी ती का खरी होती. नंतर खाली लिहा: आज माझ्या बाबतीत ती खरी आहे का, हे तपासायचं आहे.

## टप्पा ३: भीती बाजूला ठेवून हिशोब करा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून सगळ्यात जास्त वगळला जातो, आणि तो वगळला की पुढचं काहीच टिकत नाही. दर कुठून आला हे ज्याला माहीत नाही, त्याचा आवाज दर सांगताना बसणारच. सराव कितीही करा.

एक किलो चकलीचा हिशोब नमुन्यादाखल मांडते. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे भाव घाला.

भाजणी दळणासकट ९० रुपये. मोहन आणि तळताना शोषलं गेलेलं तेल ५०. तळून उरलेलं आणि पुन्हा वापरता न येणारं तेल ३०. गॅस २०, तीळ-ओवा-तिखट-मीठ २०, पिशवी आणि लेबल २०. साहित्य झालं २३०.

आता वेळ. उकड, मळणं, सोऱ्याने पाडणं आणि तळणं मिळून दीड तास. धान्य निवडणं-भाजणं, गिरणीत जाणं, भरणं, फोनवर बोलणं यांचा किलोमागे एक तास धरा. हा दुसरा तास हिशोबात जवळजवळ कुणीच धरत नाही. अडीच तास, तासाला १०० रुपये, म्हणजे २५०. तुटलेल्या आणि मऊ पडलेल्या चकल्यांचे ५०. एकूण ५३०.

ही चकली ४०० ला विकली जात असेल तर काय होतं? चारशेतून साहित्याचे २३० आणि तुटीचे ५० गेले, उरले १२०. अडीच तासांचे १२०, म्हणजे तासाला ४८ रुपये. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरांत लिहा.

आता टप्पा २ मधली समजूत घ्या: ‘दर ५२० केला तर निम्मी गिऱ्हाइकं जातील.’ (५२० हा आपल्या ५३० पेक्षा किंचित कमी आहे, त्यात तासाला ९६ रुपये सुटतात.) समजा, खरंच गेली. आधी २० किलो, किलोमागे १२०, म्हणजे हाती २४०० रुपये आणि ५० तासांचं काम. नंतर १० किलो, किलोमागे २४०, हातात तेच २४०० आणि काम २५ तासांचं. सगळ्यात वाईट म्हणून जे मनात धरलं होतं, त्यातही पैसे तेवढेच आणि कंबरेला निम्मा आराम. समजुतीशी वाद न घालता ती पूर्ण खरी धरून हिशोब मांडला की भीतीचा आकार कळतो.

तपासा: हिशोबानंतरही तोटा दिसत असेल, तर तो खरा धोका आहे. माल वेगळा करायचा, पद्धत बदलायची की गिऱ्हाईक दुसरीकडे शोधायचं, हे ठरवा. प्रत्येक भीतीला ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावणं ही सुद्धा चूकच.

कायद्याच्या भीतीचंही इथेच मिटवून टाका. ‘व्यवसाय वाढला तर जीएसटीच्या लफड्यात अडकू’ असं म्हणून अनेक जण मुद्दाम छोटे राहतात. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपुढे गेल्यावर आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपुढे गेल्यावर जीएसटीची नोंदणी सर्वसाधारणपणे लागते. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे आहेत, तेवढं कर सल्लागाराला आधी विचारा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्या मधल्या माणसाला टाळा. खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र करायलाच हवी. ती ऑनलाइन होते. हातात ते प्रमाणपत्र असलं की दर सांगताना अंगात बळ येतं, हे अनेकींच्या बाबतीत पाहिलं आहे.

## टप्पा ४: शिडी आखा

एका पानावर आठ-दहा प्रसंग लिहा आणि प्रत्येकापुढे भीतीचे गुण द्या. शून्य म्हणजे काहीच नाही, १०० म्हणजे जीव घाबराघुबरा. मग चढत्या क्रमाने लावा. एक नमुना:

१. घरात एकटीने दर मोठ्याने म्हणणं: १५
२. दर लिहिलेलं कार्ड स्टेटसला टाकणं: ३०
३. फोनवर अनोळखी गिऱ्हाइकाला दर सांगणं: ४०
४. अनोळखी गिऱ्हाइकाला समोरासमोर सांगणं: ५०
५. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आगाऊ मागणं: ६०
६. जुन्या गिऱ्हाइकाला वाढलेला दर सांगणं: ७०
७. राहिलेल्या उधारीची आठवण करणं: ८०
८. जवळच्या नातेवाइकाकडून पूर्ण पैसे घेणं: ९०

तुमचा क्रम वेगळा असेल. कुणाला अनोळखी माणसापुढे बोलणं जास्त जड जातं, कुणाला वहिनीपुढे.

नेहमीची चूक: ‘एकदा नातेवाइकांचं मिटवलं की बाकी सोपं’ म्हणून थेट आठव्या पायरीला हात घालणं. तिथे वाद झाला की माणूस महिनाभर वहीच उघडत नाही. ३० ते ४० गुणांच्या पायरीपासून सुरुवात करा. दोन पायऱ्यांमध्ये २० पेक्षा जास्त गुणांचं अंतर असेल तर मध्ये एक पायरी घाला.

## टप्पा ५: वाक्य घोटून घ्या

दर सांगायचं वाक्य छोटं हवं: ‘चकली पाचशेवीस रुपये किलो.’ एवढंच. पुढे ‘पण’ नाही, ‘तसं तर’ नाही, तेलाच्या भावाची कैफियत नाही. कारण विचारलं तरच द्यायचं, तेही एका वाक्यात.

खरी कसोटी आकडा सांगितल्यानंतरच्या शांततेत असते. समोरची व्यक्ती मनात हिशोब करत असते, आणि आपल्याला वाटतं नाराज झाली. बहुतेक सवलती त्या तीन-चार सेकंदांत, कुणी न मागता दिल्या जातात. म्हणून दर सांगितल्यावर ओठ मिटून मनात पाचपर्यंत मोजायचा सराव करा. घरातल्या कुणाला तरी गिऱ्हाईक व्हायला सांगा आणि खडूसपणे घासाघीस करायला लावा.

‘काकू, चकली काय किलो?’
‘पाचशेवीस.’
‘बाप रे! गेल्या दिवाळीत चारशे होती ना?’
‘हो, होती. यंदा पाचशेवीस आहे. किती देऊ?’

‘किती देऊ?’ हा प्रश्न महत्त्वाचा. तो नसला की बोलणं दरापाशीच रेंगाळतं आणि मग हात सैल सुटतो.

नात्यातल्या माणसासाठी वेगळं वाक्य लागतं. ‘अगं वहिनी, आपल्यातल्या आपल्यात कसले पैसे?’ याला उत्तर: ‘घरी याल तेव्हा फराळ आहेच की. ऑर्डरचे मात्र सगळ्यांकडून घेते, नाहीतर हिशोब लागत नाही.’ आवाज नेहमीसारखा ठेवा. या उत्तरात कुणाला दुखावणारं काही नाही, आणि तुम्ही चोरट्यासारखं बोललात तरच ते खटकेल.

## टप्पा ६: प्रयोग करा, आधी अंदाज लिहा

वहीत चार रकाने आखा: काय करणार, काय होईल असं वाटतंय, प्रत्यक्ष काय झालं, भीती किती होती आणि किती उरली. पहिले दोन रकाने प्रसंगाच्या आधी भरायचे. नंतर भरले तर मन लबाडी करतं. निकाल चांगला लागला की ‘मला तसं वाटतच होतं’ म्हणतं, आणि समजूत हलत नाही.

समजा, तिसऱ्या पायरीवर अंदाज होता: ‘दर ऐकून फोन ठेवतील.’ झालं असं: त्यांनी ‘बघते आणि कळवते’ म्हटलं, संध्याकाळी अर्धा किलोची ऑर्डर दिली. जे झालं ते जसंच्या तसं लिहा. ‘बरं गेलं’ असं मोघम नको, बोललेले शब्द लिहा.

एकच पायरी पुन्हा पुन्हा करा, गुण निम्म्यावर येईपर्यंत. ४० ची पायरी २० वर आली की पुढची. एकदा जमलं म्हणून लगेच वर चढू नका, आणि एकदा नकार आला म्हणून खाली उतरू नका. एका नकारावरून फक्त एका गिऱ्हाइकाचं बजेट कळतं.

मोठी चूक, चोरवाटा ठेवणं: दराचा मेसेज पाठवून फोन पालथा टाकणं, नवऱ्याला किंवा मुलीला दर सांगायला लावणं, दर सांगून लगेच ‘चव आवडली नाही तर पैसे परत’ म्हणणं. प्रयोग झाला असं वाटतं, पण मन म्हणतं की चोरवाटेमुळे वाचलो. त्या प्रसंगाचे गुण उतरत नाहीत. प्रत्येक नोंदीपुढे चोरवाट वापरली का, हे लिहा आणि पुढच्या वेळी ती सोडा.

जुन्या गिऱ्हाइकांना दरवाढ सांगण्याआधी नव्या गिऱ्हाइकांवर तो दर चालवून पाहा. मग जुन्यांना महिनाभर आधी कळवा: ‘नमस्कार. १ तारखेपासून चकलीचा दर ५२० रुपये किलो राहील. त्याआधीच्या ऑर्डरींना जुनाच दर.’ या मेसेजमध्ये ‘क्षमस्व’ घालू नका.

## टप्पा ७: उधारी

याची पायरी वरची असते म्हणून शेवटी. आठवण करताना रक्कम, कशाची, आणि कधीपर्यंत, या तीन गोष्टी सांगा. ‘ताई, गणपतीतल्या मोदकांचे ६४० राहिलेत. शनिवारपर्यंत पाठवाल का? क्यूआर कोड सोबत देते.’ नुसतं ‘जमेल तेव्हा द्या’ म्हटलं की ते जमत नाही.

दुकान, कंपनी किंवा कॅटरर पैसे थकवत असेल आणि माल देण्याआधीच तुमची उद्यम नोंदणी झालेली असेल, तर २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायदा तुमच्या बाजूने आहे. उत्पादन करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या छोट्या उद्योगाचे पैसे लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. असा करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागतं. त्यासाठी प्रत्येक वेळी तारखेचं बिल देण्याची सवय मात्र हवी.

## टप्पा ८: वाढलेल्या पैशाची जागा ठरवा

वाढलेली कमाई घरखर्चाच्या डब्यात गेली तर दोन महिन्यांत ती दिसेनाशी होते आणि ‘पैसा माझ्याकडे टिकत नाही’ ही समजूत परत डोकं वर काढते. व्यवसायाचं खातं वेगळं ठेवा. त्यातून साहित्याचे पैसे आधी बाजूला काढा, मग ठरलेल्या तारखेला स्वतःचा पगार घरच्या खात्यात घ्या, थोडा का असेना. उरलेल्यातून सहा महिन्यांत काय घ्यायचं ते आधीच लिहून ठेवा: मोठी कढई, शिवणयंत्राची मोटर, क्लासला फळा. नेमकी वस्तू लिहा.

## भीती परत आली तर

येईल. कुणाच्या तरी कुजकट बोलण्याने, एखाद्या रद्द झालेल्या ऑर्डरीने, किंवा काहीच कारण नसताना. त्या दिवशी एक पायरी खाली या, ती पुन्हा करा आणि वहीतला तिसरा रकाना मागून पुढे वाचा. दर मात्र त्या दिवशी बदलू नका. दराचा फेरविचार फक्त हिशोबाच्या पानासमोर बसून, शांत दिवशी करायचा.

वेळेचा अंदाज घेऊन कामाला लागा. दिवाळीचा फराळ विकणाऱ्यांनी पहिले तीन टप्पे श्रावणातच उरकावेत, शिडीच्या खालच्या पायऱ्या गणपतीच्या आसपास चढाव्यात आणि नवा दर घटस्थापनेच्या आधी सगळ्यांना कळवावा. नवरात्र संपलं की फोन खणखणू लागतात, मग वही उघडायला फुरसत मिळत नाही. शिकवण्या घेणाऱ्यांनी हेच काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावं, म्हणजे जूनची फी ठरवताना घाई होत नाही.